लेकीचे नाव ठेवताना

स्मरणिकेसाठी तुम्हीही चार ओळी लिहा, असा अध्यक्षबाईंचा निरोप आला. मी शिकलेली सातवीपर्यंत. परंतु वाचनाची आवड पहिल्यापासून आहे आणि संतांची, राण्यांची, समाजसेविकांची चरित्रे मी ग्रंथालयातून आणून वाचत असते. ती वाचता वाचता एक विषय मनात घोळत राहिला, तो बायकांच्या नावांचा. सध्या तो घरोघरी निघतोही आहे. मुलगी झाली की हल्लीचे आईबाप मोबाईलवर नावे शोधतात, आणि शोधून शोधून पुष्कळदा जुन्याच नावाशी येऊन थांबतात. रमा, मुक्ता, सई, अहिल्या ही नावे पाळण्याशी पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत. मला तरी ही आनंदाची गोष्ट वाटते. मात्र जुने नाव घेताना त्याच्या मागची हकीकतही घ्यावी, एवढेच माझे सांगणे आहे.

पूर्वी नाव शोधीत बसावे लागत नसे. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा या नद्या. काशी, द्वारका, मथुरा ही तीर्थे. लक्ष्मी, पार्वती, सरस्वती या देवता. यांतूनच नाव निघे. लेकीला हाक मारताना पुण्य पदरी पडावे, हा त्यातला भाव. ज्यांना जन्मात काशीयात्रा घडणार नव्हती, त्यांच्या अंगणात निदान काशी खेळत होती. घरात मुले जगत नसली, तर धोंडू, दगडू, भिकू अशीही नावे ठेवीत. दगडधोंड्याकडे काळाची नजर जाणार नाही, ही समजूत. ती नावे ऐकायला ओबडधोबड खरी, परंतु त्यांच्या आड आईचे धास्तावलेले काळीज होते. म्हणून अशा नावांना हसू नये.

पण एक जुने नाव मात्र असे आहे, की ते मागे पडले हेच बरे झाले. मुलीवर मुली झाल्या की धाकटीला ‘नकुसा’ किंवा ‘नकोशी’ म्हणत. नाव ऐकून पुढच्या खेपेला देव मुलगा देईल, ही आशा. आता ही गोष्ट कुठे फार जुन्या काळची, असे कुणाला वाटेल. तसे नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातच ऑक्टोबर 2011 मध्ये समारंभ करून अशा 285 मुलींची नावे बदलण्यात आली. मुली नटूनथटून आल्या होत्या, आणि प्रत्येकीला नव्या नावाचा दाखला व फुले मिळाली. कुणी सिनेनटीचे ऐश्वर्या हे नाव घेतले, तर कुणी सावित्री हे जुने नाव पसंत केले. ज्यांनी सावित्री निवडले, त्यांचे मला फार कौतुक वाटते. 3 जानेवारी 1831 रोजी याच जिल्ह्यातील नायगावी सावित्रीबाई फुले जन्मल्या आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या. नको असलेल्या मुलीने हे नाव आपल्या हाताने घ्यावे, यापेक्षा त्या नावाचा मोठा मान कोणता?

आता दुसरी गोष्ट. जुनी नावे म्हणून आपण जी ओळखतो, त्यातली कितीतरी त्या बायकांची पाळण्यातली नावेच नव्हेत. 1862 साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी यमुना जन्मली. 1873 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी तिचे लग्न झाले, आणि ती रमा झाली. याच रमाबाई पुढे पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाल्या. 1865 साली आणखी एक यमुना जन्मली. लग्नात गोपाळराव जोश्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले. 1886 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टरीची पदवी घेतली, ती आनंदीबाई जोशी म्हणून. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा गोदूचीही आनंदीच झाली. झाशीची मनकर्णिका 1842 मध्ये लक्ष्मीबाई झाली; आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक, त्याही माहेरच्या मनकर्णिकाच!

ताटात तांदूळ पसरायचे, त्यावर सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहायचे आणि पेढे वाटायचे, हा सोहळा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. काहीजणींनी तो हौसेने अनुभवलाही असेल, त्यांना मी नावे ठेवीत नाही. परंतु दहाबारा वर्षे ज्या नावाला ‘ओ’ दिली, ते नाव एका दिवसात पुसले जाई. पुढे तर तेही नवे नाव क्वचितच कानी पडे. अमक्याची सून, तमक्याची आई, वहिनी, काकू, आणि नवऱ्याच्या तोंडी ‘अगं ए’. यातच बाईचे आयुष्य सरे.

मग खरोखर टिकली कोणाची नावे? माझ्या वाचनात आले ते सांगते. सातशे वर्षांपूर्वीची मुक्ताई आपल्याला मुक्ताई म्हणूनच ठाऊक आहे. जनी दुसऱ्याच्या घरची दासी, तिला ना वतन ना वाडा. तरी तिचे नाव घरोघरी आहे. याचे कारण उघड आहे. त्यांनी अभंग रचले आणि शेवटच्या ओळीत स्वतःचे नाव घातले. वारकऱ्यांनी अभंग म्हटला की नावही म्हटले जाते. बाईने आपले नाव आपण उच्चारले, तेव्हा ते कुणाला पुसता आले नाही.

हे सारे आमच्या घरी एकदम जवळचे झाले, ते गेल्या वर्षी भावाला मुलगी झाली तेव्हा. बारशाला आत्याचा मान माझा. आजीचे नाव ठेवावे, असे सर्वांचे मत पडले. शेताच्या जुन्या कागदावर आजीचे नाव पार्वती आहे. पण नव्वदीच्या घरातल्या आमच्या एका आत्याबाई म्हणाल्या, “ते सासरचं. माहेरी तिला सगुणा म्हणत.” घरात कुणालाच हे ठाऊक नव्हते. आजीने साठ वर्षे या घरात काढली, आणि तिचे पहिले नाव एका म्हाताऱ्या बाईच्या आठवणीत तेवढे उरले होते. त्या जर बोलल्या नसत्या, तर ते नाव त्यांच्याबरोबरच गेले असते.

सगुणा हे नाव मला लगेच आवडले. भावजयीला मात्र धाकधूक, की शाळेत मुले चिडवतील. तिची शंका रास्त होती. नाव मूल चालवणार, आपण नव्हे. मी तिला म्हटले, “वहिनी, घाई नको. नाव तुझ्या मनाला येईल तेच ठेवू.” जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नाव नंतर घातले तरी चालते; वर्षाच्या आत त्याला पैसेही पडत नाहीत. तिने आठ दिवस दोन्ही प्रकारे हाक मारून पाहिली आणि मग आपणहून सांगितले, सगुणाच. मी बाळीच्या कानात तेच सांगितले. कानात कुर्र केले, घुगऱ्या वाटल्या, पाठीत धपाटेही खाल्ले.

माझ्या अल्पबुद्धीला जे वाटते ते असे. जुने नाव ठेवायचे तर तीन गोष्टी पाहाव्या. ते नाव जिचे होते, ती कोण होती, हे मुलीला सांगता यावे. नावातून लेकीचा कमीपणा दिसू नये. आणि मोठेपणी तिला तेच नाव मानाने आपल्या सहीत लिहिता यावे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा आपल्या देशात नाही. 2024 पासून तर महाराष्ट्र शासनाने मुलांच्या शासकीय कागदांवर आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे. म्हणजे आज पाळण्यात ठेवलेले नाव उद्या तिच्या लेकरांच्या दाखल्यावरही येणार. चौंडीसारख्या खेड्यात 1725 मध्ये जन्मलेल्या मुलीचे नाव आज अहिल्यानगर म्हणून साऱ्या जिल्ह्याला लाभले आहे. नाव कुठवर जाईल, हे बारशाच्या दिवशी कुणी सांगावे?

शेवटी एक सूचना करते. आपल्या घरांतून अजून सत्तरी-ऐंशीच्या पुष्कळ बायका आहेत. दुपारच्या वेळी त्यांच्याजवळ बसून त्यांचे, त्यांच्या आईचे, सासूचे माहेरचे नाव विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. मंडळाने एक वही त्यासाठीच घातली, तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत ती सहज भरेल. कुणाच्या घरी मुलगी झाली की नावासाठी दूर जाण्याचे कारण पडणार नाही; ती वही उघडावी, म्हणजे झाले.