आत्या, पानशेत आणि माळ्यावरची ट्रंक

मागच्या महिन्यात आत्या गेली. पंचाहत्तरीची होती. सामान आवरायला आम्ही तिच्या घरी गेलो, तर माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक सापडली. आत दाखले, फोटो, पासबुकं, आजीची पैठणी. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहायची, तरी महत्त्वाची वस्तू खाली ठेवायची नाही हा तिचा नियम. लहानपणी आम्ही त्यावरून तिला खूप चिडवायचो.

कारण अर्थातच १२ जुलै १९६१. पुण्यातल्या जुन्या माणसांना तारीख सांगावी लागत नाही, नुसतं "पानशेत" म्हटलं की पुरे.

आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण तेव्हा पुरतं झालेलंही नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीचं आणि दारांचं काम अपुरं होतं, आणि तरीही त्या पावसाळ्यात पाणी अडवलं गेलं. मोरीवरचा भराव खचायला लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण बुधवारी सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खाली खडकवासल्यात आला आणि दुपारी ते ब्रिटिशांच्या काळातलं दगडी धरणही फुटलं. टेस्टिंग व्हायच्या आधी रिलीज केलं की काय होतं ते आम्हा आयटीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. फरक एवढाच, की आमच्याकडे रोलबॅक असतो.

लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे विरघळावेत तसे बसले. खडकवासला गेल्यामुळे नळ कोरडे पडले. म्हणजे बघा, शहर पुरात बुडालेलं आणि प्यायला पाणी नाही!

आमचा वाडा नारायण पेठेत होता. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. "पाण्याचं काही नाही रे, ते आलं तसं गेलं. चिखलाचा वास मात्र जात नव्हता," एवढंच ती म्हणायची. पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, गोखलेनगर, सहकारनगर वगैरे. आमचं घर गोखलेनगरला गेलं. बाबांचा जन्म तिथलाच, त्यामुळे वाडा त्यांनीही पाहिलेला नाही.

गेली दोन वर्षं मी आत्याला म्हणत होतो, "एका वीकांताला येतो, तू सगळं नीट सांग, मी रेकॉर्ड करतो." ती म्हणायची, "ये की, मी कुठे पळून चाललेय?" मग कधी रिलीज, कधी ऑन-कॉल, कधी नुसताच कंटाळा. फोनमध्ये तिचं एकच रेकॉर्डिंग आहे, चाळीस सेकंदांचं. त्यात ती पुरणाचं प्रमाण सांगतेय.

ट्रंकेतले फोटो सगळे १९६१ नंतरचे आहेत. त्याआधीचा एकही नाही. वाड्याला किती खण होते, आड कुठे होता, त्या दिवशी पणजीला कुणी उचलून नेलं, हे सांगू शकणारं आमच्याकडे आता कुणीच नाही. धरण का फुटलं यावर वाचायला भरपूर मिळतं. आमचा वाडा कसा होता ते फक्त आत्याकडे होतं.

असो. ट्रंक मी माझ्या फ्लॅटवर आणली आहे. आमचा अकरावा मजला. तरी माळ्यावरच ठेवली.