चमचाभर ब्रँडीचा इतिहास

वडगावचा इतिहास म्हटला की 1779 सालची लढाई आणि इंग्रजांशी झालेला तह आठवतो. पण स्वयंपाकघरातल्या फडताळालाही इतिहास असतो. आमच्या फडताळात औषधांच्या मागे ब्रँडीची छोटी बाटली असे. मी पहिलटकरीण होते. मावळातला पाऊस, अंगात भरलेला गारठा. सासूबाईंनी मायेने चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून दिली. मीही औषध म्हणून घेतली. लेक सुखरूप जन्मली, हे आमचे दैव. आज तीच लेक सातव्या महिन्यात माहेरी आली आहे. माझा हात त्या बाटलीकडे गेला, तेव्हा घरी आलेल्या आशाताईंनी मला थांबविले. मग वाटले, ही चाल आली तरी कोठून?

डिंक, अळीव, सुंठ ही आपली घरची औषधे. ब्रँडी मात्र साहेबाबरोबर आलेली पाहुणी. एकोणिसाव्या शतकात विलायतेतले डॉक्टर अशक्त रोग्याला ब्रँडी देत. तीच समजूत इकडे रुजली. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, त्यातही प्रकृतीच्या कारणासाठी परवान्याची सोय होती. त्यामुळे दारू वाईट, पण ब्रँडी औषध, असा भेद मनात राहून गेला. डॉक्टरांनी ती केव्हाच सोडली. आपण धरून बसलो.

वास्तविक आपल्या चरकसंहितेतच म्हटले आहे की, गरोदरपणी नित्य मद्य घेणारीचे मूल स्मरणाने उणे व चंचल चित्ताचे होते. 1899 साली लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर सलिव्हन यांनी दारुड्या स्त्रियांची मुले जास्त दगावतात असे दाखविले. तुरुंगात दारू न मिळाल्याने एकीचे मूल चांगले निपजले, हेही त्यांनी टिपून ठेवले. 1968 साली फ्रान्समध्ये लेमोआन यांनी आणि 1973 साली अमेरिकेत जोन्स व स्मिथ यांनी अशा मुलांची लक्षणे नोंदली: वजन कमी, डोके लहान, वरचा ओठ पातळ, शिकण्यात अडचण.

कारण साधे आहे. आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात जाते. त्याचे कोवळे यकृत ती पचवू शकत नाही, आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. म्हणून इतकी चालेल असे माप कोणी डॉक्टर देत नाही. मग ती ब्रँडी असो, ताडी असो की हातभट्टीची.

दारूविरुद्धचा लढा आपल्याकडे जुना आहे. जोतीराव फुल्यांनी 1880 साली पुण्यातील दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला लिहिले. गडचिरोलीत बायाबापड्या उठल्या आणि 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्या लढ्यांत मोडलेल्या संसाराचे बोलणे झाले. पोटातल्या जिवाचे आता आपण बोलू या.

जिला सवय असेल तिला नावे ठेवू नका. कोणत्याही महिन्यात सोडली तरी बाळाचे हितच होते. तिने न लाजता डॉक्टरांना सांगावे, आणि घरच्या पुरुषांनीही बाटली दूर ठेवून तिला साथ द्यावी.

मी हे सारे सासूबाईंना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हांला कुणी सांगितलंच नाही गं." आणि उठून त्यांनीच ती बाटली मोरीत ओतली.