वैद्यावरील विश्वास : मिरज, वडाळा आणि जामखेड

मनुष्य आपला शिंपी बदलतो, सोनार बदलतो, प्रसंगीं वकीलही बदलतो. परंतु ज्या वैद्याच्या हातून एकदां गुण आला, त्याचा उंबरठा तो सहसा सोडीत नाहीं. शेजारीं नवें इस्पितळ उभें राहिलें तरी घरांतील वडील मंडळी जुन्याच दवाखान्याची पायरी चढतात. ही निष्ठा कशानें उत्पन्न होते, कशानें टिकते, आणि ती सर्वथैव हिताचीच असते काय, हा प्रश्न वरवर पाहतां लहान वाटतो. पण त्यावर पुष्कळ घरांतील लेंकरांचें जगणें-मरणें अवलंबून असतें. महोत्सवाच्या निमित्तानें मागील काळाचें सिंहावलोकन करतांना महाराष्ट्रांतील कांहीं सेवाभावी दवाखान्यांचा इतिहास या दृष्टीनें पाहणें उचित होईल.

पहिलें प्रकरण मिरजेचें. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या वतीनें १८८९ सालीं या देशांत आले, आणि १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस इस्पितळ सुरू केलें. शस्त्रक्रियेंत त्यांचा हातखंडा असे. मिरज हें आगगाडीचें जंक्शन. त्यामुळें दूरदूरच्या मुलुखांतून रोगी तेथें येऊं लागले. १९२८ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १९३३ सालीं ते निवर्तले. पण मिरजेजवळील वानलेसवाडी आजही त्यांचें नांव धारण करून आहे. येथें विश्वासाचें मूळ स्पष्ट दिसतें. ज्याच्या डोळ्यांस दृष्टि परत मिळाली तो गांवीं जाऊन सांगे, आणि पुढच्या खेपेस दोघे-चौघे त्याच वाटेस लागत. कौशल्य हा विश्वासाचा पहिला पाया होय. त्याविना बाकी सर्व गोड बोलणें व्यर्थ.

परंतु केवळ कौशल्यानें काम पुरें होत नाहीं, हें दुसऱ्या प्रकरणावरून कळतें. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हीं दोघें वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलीं, आणि १९६० नंतरच्या दशकांत पूर्वीच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन इस्पितळांत काम करूं लागलीं. इस्पितळांत गर्दी होती, लोकांचा लोभही होता. पण एक गोष्ट त्यांच्या मनास टोंचूं लागली. जुलाबानें सुकलेलें मूल बरें होऊन घरीं जाई, आणि कांहीं काळानें त्याच दुखण्यानें परत येई. विहिरीचें पाणी तेंच, घरांतील उपासमार तीच, मग दुखणें तरी निराळें कोठून यावें? रोगी पुन्हां पुन्हां आपल्याच दारीं येतो हें एखाद्या दुकानदारास भूषण वाटेल; या दांपत्यास तें आपल्या कामाचें वैगुण्य वाटलें. या इतिहासांतील मर्माची गोष्ट ती हीच.

त्यानंतर त्यांनीं अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० सालीं त्याच जिल्ह्यांतील जामखेड या दुष्काळी तालुक्यांत काम आरंभिलें. प्रथम त्यांनीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. पण तो बेत नीट साधला नाहीं. बाहेरून आलेल्या तरुण स्त्रीस खेड्यांत एकटीनें राहणें अवघड, आणि गांवच्या बायांस ती परकी. औषधाची पेटी होती, ज्ञान होतें. बोलण्यास जागा मात्र नव्हती. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावें, असें ठरलें. या स्त्रियांपैकीं बहुतेक निरक्षर, कित्येक दलित समाजांतील, कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या. आठवड्यांतून एकदां त्या जामखेडास येत, सर्व जातींच्या मिळून एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत, आणि गरोदरपण, बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग यांविषयीं शिकून पुन्हां आपल्या गांवीं जात.

आरंभीं त्यांनाही दारें उघडीं मिळालीं नाहींत. कालपर्यंत जिला ओसरीवर घेत नसत, तिच्या हातचें औषध कोण घेणार? पण बाळंतिणीच्या कळा रात्रीं-अपरात्रीं सुरू होतात, आणि त्या वेळीं जी हांकेसरशीं धांवून येते तिची जात विचारण्याचें भान कोणास राहतें? एक बाळंतपण सुखरूप पार पडलें कीं शेजारचें दार उघडे. मीठ-साखरेचें पाणी कसें करावें हें ती प्रत्येक आईस शिकवी, जेणेंकरून पुढच्या वेळीं तिला बोलावण्याचीही गरज पडूं नये. तिच्या शक्तीबाहेरचा रोगी ती जामखेडच्या इस्पितळांत धाडी. आणि तिच्यावरील विश्वासामुळें इस्पितळावरही विश्वास बसे. संस्थेच्या नोंदींप्रमाणें १९७१ सालीं दर हजार जन्मांमागें १७६ अर्भकें दगावत. पुढील पंचवीस वर्षांत हा आंकडा तिसांच्या खालीं आला. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. मेबलबाई १९९९ सालीं व रजनीकांत २०११ सालीं निवर्तले. काम मात्र त्यांच्यामागें चालू राहिलें. व्यक्तीवरील निष्ठा व्यक्तीबरोबर जाते. जी निष्ठा गांवाच्या स्वतःच्या शहाणपणांत उतरली ती राहते.

असाच धडा विदर्भांतील गडचिरोली जिल्ह्यांतही मिळाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. इस्पितळाची भीति कां वाटते, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. आपल्या माणसांपासून ताटातूट आणि डॉक्टरांचीं पांढरीं वस्त्रें यांचें भय त्यांनीं सांगितलें. कारण त्यांच्याकडे पांढरें वस्त्र प्रेतावर घालतात. मग रोग्यासह त्याचे आप्त राहूं शकतील अशा झोंपड्यांचें इस्पितळ बांधलें, आणि लोकांच्या इच्छेनें त्यास माता दंतेश्वरीचें नांव दिलें. ज्यास आपण अडाणीपणा म्हणतों, तो पुष्कळदां न विचारलेल्या प्रश्नाचा परिणाम असतो. गांवच्या भगताकडे लोक जात ते केवळ मंत्राच्या मोहानें नव्हे. तो घर ओळखी, रोग्याजवळ बसे आणि ऐकून घेई.

आतां आपल्या गोदाकांठाकडे वळूं. गोदामाईस महापूर आला म्हणजे सायखेडा-चांदोरीच्या परिसराची काय अवस्था होते, हें २०१६ व २०१९ सालच्या पुरांत आपण पाहिलें आहे. अशा दिवशीं नाशिकचें नामांकित इस्पितळ कितीही मोठें असलें तरी तें दूरच. जवळ असते ती गांवांतील जाणती बाई. २००५ सालीं सरकारनें ‘आशा’ कार्यकर्तींची योजना आरंभिली, तींत गांवांतीलच स्त्री निवडण्याचें जें तत्त्व आहे, तें जामखेडनें कित्येक वर्षें आधीं आचरून दाखविलें होतें. त्या बाईस मान देणें, तिचें म्हणणें ऐकणें, तिला पाण्या-पावसांत एकटी न टाकणें, हें आपलें कर्तव्य होय.

आणि आपल्या निष्ठेचीही एकदां परीक्षा घ्यावी. जो प्रत्येक तापास सुई टोंचतो आणि सलाईन लावतो, त्याच्याकडे आपण धांवतों, कारण तत्काळ बरें वाटतें. पण त्यानें कधीं पाण्याविषयीं विचारलें काय? सुईची गरज नाहीं, असें सांगून कधीं परत पाठविलें काय? जो खरें सांगतो, शिकवितो आणि ‘आतां येण्याचें कारण नाहीं’ असें हर्षानें म्हणतो, तोच निष्ठेस पात्र वैद्य होय. असे वैद्य व अशा सेविका आपल्या गांवोगांवीं निपजोत, आणि त्यांना ओळखण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.