मढीला जाण्यापूर्वी

पाथर्डी तालुक्यातल्या शाळांच्या सहली शिवनेरी, रायगड, वेरूळ अशा ठिकाणी जातात, आणि त्या जाव्यातच. पण गर्भगिरीच्या डोंगररांगेतले मढी आपल्या तालुक्यातच आहे, आणि होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे जे जमते ते पाहायला अभ्यासक लांबून येतात. कानिफनाथांच्या समाधीला गोपाळ, कैकाडी, वैदू, घिसाडी, बेलदार, वडार, कोल्हाटी, डवरी गोसावी अशा अनेक भटक्या समाजांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येत आली आहेत. आपल्याकडची मुले तिथे रेवडी घेतात, पाळण्यात बसतात आणि परततात. हीच यात्रा एक अभ्यासविषय म्हणून कशी पाहावी, हे सांगण्यासाठी हे प्रास्ताविक आहे.

अशा भेटीसाठी एक दाखला घेऊ. न्यूझीलंडमधले शिक्षक मुलांना माओरी लोकांच्या ‘मराए’वर नेतात. मराए म्हणजे कोरीव सभागृहापुढचे सामाईक अंगण. तिथे कोणी थेट आत शिरत नाही. पाहुणे फाटकाबाहेर थांबतात, आतून एक स्त्री उंच स्वरात साद घालते आणि मगच पावले पुढे पडतात. त्या देशाने माओरी कोरीवकाम आणि विणकाम टिकवण्यासाठी १९६३ साली कायदा करून रोटोरुआ इथे संस्था उभारली. आपल्याकडच्या भटक्यांच्या कला एका जागी भेटायच्या तर मढीसारखी यात्राच गाठावी लागते, आणि तिथे फाटक नसते. म्हणून थांबण्याची रीत शिक्षकांनीच मुलांच्या अंगी बाणवावी लागेल.

वाचकांनी सुरुवात कानिफनाथांची समाधी असलेल्या गडाच्या बांधकामापासून करावी. परंपरा अशी सांगते, की हा गड अठरापगड जातींच्या श्रमांतून उभा राहिला: गोपाळांनी मोठाले दगड ओढून आणले, बेलदारांनी ते घडवले, घिसाड्यांनी लोखंडकाम केले, कैकाड्यांनी टोपल्या पुरवल्या. यातले इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला तरी चालेल. महत्त्वाचे हे, की आजचे मान त्या कथेशी जोडलेले आहेत. पहिली होळी गोपाळ समाजाची, कळसाला भिडणारी मानाची काठी कैकाडी समाजाची. गावोगाव ज्यांना वेशीबाहेर पाल टाकावे लागले, त्यांचा हक्क इथे कळसापर्यंत पोहोचतो. पायऱ्या चढताना मुलांना एवढे ठाऊक असेल, तर पायाखालचा दगडही त्यांना वेगळा दिसेल.

मग माणसांकडे वळावे, आणि तेही हत्यारापासून. घिसाड्याचा भाता कसा चालतो, नांगराच्या फाळाला धार काढताना लोखंड कुठल्या रंगावर आले की घण घालायचा, हे विचारले की बोलणे आपसूक सुरू होते. कैकाडी बाईला कणगीचा तळ कसा धरतात ते विचारा. हात आधी उत्तर देतील, तोंड नंतर. यात्रेतल्या गाढवांच्या बाजारात उंच, पांढुरकी काठेवाडी जनावरे आणि बुटकी गावरान यांतला फरक पाहा. दुवान, चौवान, अखंड हे शब्द ऐका. दातांवरून वय आणि वयावरून किंमत ठरवण्याचे हे शास्त्र आहे, आणि ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. भाषेची आवड असलेल्यांना तर इथे मेजवानीच: कैकाड्यांची बोली तमिळच्या कुळातली, वैदूंची तेलुगूच्या जवळची, घिसाड्यांच्या बोलण्यात गुजराती-राजस्थानी वळणे. एका माळावर द्राविडी आणि आर्य दोन्ही भाषाकुळे शेजारी पाल टाकून बसलेली असतात. (जात मात्र मुलांनी विचारू नये. काम विचारावे, गाव विचारावे. सांगायचे ते समोरचा सांगतोच.)

वाचनाचा क्रमही महत्त्वाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. त्यातले फिरस्त्यांविषयीचे प्रकरण माहितीने भरलेले आहे, पण ते गावाच्या ओट्यावर बसून लिहिलेले. फिरस्ता तिथे गावावरचा भार म्हणून येतो. म्हणून त्याच्या जोडीला लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) वाचावे. या दोन पुस्तकांत नजर उलटी फिरते आणि गावच परके दिसू लागते. माझे मत विचाराल तर शिक्षकांनी ‘उपरा’ आधी वाचावे. या समाजांतल्या अनेकांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, हेही मुलांना आधीच सांगितलेले बरे. त्यानंतरच त्यांना कळेल, की अनोळखी माणसाने वही-पेन काढले की म्हातारी माणसे का सावध होतात.

यात्रेचे सगळेच गोड नव्हते. इथे जातपंचायती बसत, सोयरिकी जुळत, भांडणे मिटत. पण दंड आणि वाळीत टाकणेही घडे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा अशाच अनुभवांतून आला. मोठ्या वर्गांशी हे मोकळेपणाने बोलावे.

आता थोडे व्यवहाराचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवण्याची सोय आहे. मढीची भेट त्यात सहज बसते. रंगपंचमीचा मुख्य दिवस टाळा, त्या गर्दीत शिकणे होत नाही. आठ-दहा मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाने एकाच पालाशी बसावे. फोटो विचारून काढावेत. खेळ पाहिला, गाणे ऐकले, तर बिदागी द्यावी, आणि ती सहलीच्या वर्गणीत आधीच धरावी, म्हणजे ऐनवेळी मुलांच्या खिशाकडे पाहावे लागणार नाही.