किल्ला पाहिला, हौद राहिला



मागच्या महिन्यात वस्तीतल्या अभ्यासिकेच्या मुलामुलींना घेऊन वेरूळच्या लेण्यांना निघालो होतो. वाटेत दौलताबादला गाडी थांबवली. गाइडने देवगिरीचे यादव सांगितले, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी सांगितली, १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणणारा महंमद तुघलक सांगितला. चाँदमिनार झाला, मेंढा तोफ झाली, अंधारी वाट झाली. बाहेर पडताना एका मुलीने विचारले, "बाबासाहेबांना जिथे अडवले तो हौद कुठला?" गाइड म्हणाला, "हत्ती हौद आत दाखवला की!" पण ती विचारत होती तो हौद वेगळा. बाबासाहेबांनी ज्याबद्दल लिहिले तो हौद लहान होता आणि किल्ल्याच्या दरवाजाबाहेर होता.

१९३४ सालची गोष्ट. चळवळीतले सुमारे तीस कार्यकर्ते बाबासाहेबांसोबत नाशिकहून येवलामार्गे बस आणि मोटारींनी निघाले. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती, वाटेत हा किल्ला होता. अंगावर प्रवासाची धूळ होती, म्हणून काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. रमजानचा महिना होता. अस्पृश्यांनी हौद बाटवला अशी ओरड करत एक वृद्ध मुसलमान मागून आला. जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना थेट विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या हौदावर अडवाल का? जमाव गप्प झाला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली. अट एकच, आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यासाठी सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. इथे राज्य पेशव्यांचे नव्हते, निजामाचे होते. राज्यकर्त्याचा धर्म वेगळा असला म्हणून पाण्यावरची जात गेली नाही, हाच या घटनेचा धडा आहे.

आज ही घटना दोन प्रकारे मारली जाते. काही जण ती फक्त मुसलमानांविरुद्ध काठी म्हणून उचलतात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये याच घटनेशेजारी गोरेगावच्या वाटेवर पाण्यावाचून काढलेली रात्र आहे, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून झालेली हकालपट्टी आहे, काठियावाडात डॉक्टरने हात न लावलेली बाळंतीण आहे. ही पाने काठीवाल्यांना नको असतात. दुसरीकडे आपल्यातलेच काही जण ऐक्याला बाधा येईल म्हणून दौलताबादचा विषय टाळतात. बाबासाहेबांनी कुणालाच सूट दिली नाही, आणि कुणाचा द्वेषही पेरला नाही. त्यांनी जात दाखवली, ती जिथे जिथे भेटली तिथे तिथे. बहुजन-मुस्लिम ऐक्य खरे हवे असेल तर ते सत्य लपवून उभे राहणार नाही.

आणि या रस्त्याचा पुढचा इतिहास पाहा. ज्या येवल्यावरून ही मंडळी गेली, त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली. जिथे पाण्याला हात लावू दिला नाही त्या किल्ल्यापासून काही मैलांवर, औरंगाबादेत, १९५० मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले, आजचे मिलिंद. हौद नाकारणाऱ्या मातीत त्यांनी ज्ञानाचा पाणवठा खोदला, सर्वांसाठी खुला.

म्हणून मित्रांनो, वेरूळला जाताना दौलताबादला थांबा. तोफेसोबत फोटो जरूर काढा, पण दरवाजाबाहेर पाच मिनिटे उभे राहून ही घटना सोबतच्यांना वाचून दाखवा. १९३४ ची नोंद असलेला मराठी फलक इथे ठळकपणे लागावा, यासाठी पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागणी करा. राजांचा इतिहास सांगायला गाइड आहेत. आपला इतिहास आपल्यालाच सांगावा लागेल.

जय भीम! नमो बुद्धाय!