जुना फोन, नवा कर्नेल

झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत ड्रॉवरच्या तळाशी माझा जुना रेडमी २ सापडला. २०१५ साली इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना घरच्यांनी घेऊन दिलेला. किंमत ६,९९९ रुपये, १ जीबी रॅम, ४.७ इंचांची स्क्रीन. चार वर्षं विरार लोकलच्या गर्दीत तो माझ्याबरोबर चेंगरला आणि मग बाबांकडे गेला. त्यांनीही तो अजून वापरला असता, पण एका सकाळी त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपने जाहीर केलं की तुमचं अँड्रॉइड जुनं झालंय, मी आता उघडणार नाही. फोनला काहीही झालं नव्हतं, तरी नवा घ्यावा लागला. "अरे, चालता फोन टाकायचा कशाला?" असं बाबांनी विचारलं तेव्हा घरातल्या सॉफ्टवेअर इंजिनियरकडे उत्तर नव्हतं. हे ते उशिरा सुचलेलं उत्तर समजा.

गंमत म्हणजे 'जुन्या फोनवर लिनक्स टाकतोय' असं मी मित्रांना सांगितलं खरं, पण लिनक्स त्यात पहिल्या दिवसापासून होतंच! २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तोच मुळी लिनक्स कर्नेलवर. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेला हा कर्नेल आज जगभरातल्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्या खिशातही. मग २०१० चा लॅपटॉप आजचं लिनक्स बिनतक्रार चालवतो, आणि २०१५ चा फोन मात्र म्हातारा, हे कसं काय?

उत्तर हार्डवेअरच्या ओळखीत आहे. पीसी सुरू झाला की आपल्याला काय काय जोडलंय ते तो बऱ्याच अंशी स्वतःच सांगतो. एआरएम चिपच्या फोनचं तसं नाही. टचस्क्रीन कुठल्या पिनवर आहे, व्हायब्रेटर कुठे आहे, हे कर्नेलला आधीच लिहून द्यावं लागतं. प्रत्येक चिपवाला आणि फोनवाला काय करायचा, तर कर्नेलची एक प्रत उचलायची, त्यात आपापली ठिगळं लावायची, फोन विकायचा आणि पुढच्या मॉडेलकडे वळायचं. जीपीएल लायसन्समुळे सोर्स कोड उघड करावा लागतो हे खरं. पण कोड कुठेतरी टाकून देणं वेगळं आणि तो टोरवाल्ड्सच्या मुख्य कर्नेलमध्ये नीटनेटका करून सामावून घेणं वेगळं. मुख्य कर्नेल पुढे जात राहतो आणि फोनची प्रत जिथल्या तिथे थिजते. माझ्या रेडमीत ३.१० हा कर्नेल होता, म्हणजे जून २०१३ चा. त्याची अधिकृत देखभाल २०१७ मध्ये संपली. फोन धडधाकट, पण त्याचा कर्नेल एकटा पडलेला.

२०११ च्या मार्चमध्ये या पसाऱ्यावर टोरवाल्ड्स मेलवरून चांगलाच भडकला होता. प्रत्येक बोर्डासाठी वेगळा कोड, त्याच त्याच गोष्टी शंभर वेळा लिहिलेल्या. त्यानंतर एआरएमच्या जगात 'डिव्हाइस ट्री' रुजला. म्हणजे फोनची कुंडलीच म्हणा ना! कुठल्या घरात कुठली चिप बसली आहे हे एका वेगळ्या फाइलमध्ये मांडायचं आणि कर्नेल सगळ्यांसाठी एकच ठेवायचा. जुने फोन जिवंत करायचा रस्ता इथून उघडला.

असं नाही की त्याआधी कोणी धडपडलं नव्हतं. आपल्या शेजारी बंगळूरला आयआयएससीचे प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीने मिळून 'सिंप्युटर' बनवला. हातात मावणारा, लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषा बोलणारा. फोन नव्हता तो, पण आयफोनच्या तीन वर्षं आधी, २००४ मध्ये, 'अमिडा' नावाने विक्रीला आला होता. खपला मात्र नाही. मग २००८ चा ओपनमोकोचा फ्रीरनर आला, २००९ चा नोकिया एन९०० आला. २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसचा फोन १,९९९ रुपयांत आणला आणि २०१५ मध्ये उबुंटूचे फोन भारतात स्नॅपडीलवर आले. एकेक करून सगळे आटोपले. २०१७ मध्ये उबुंटूच्या कंपनीनेही फोनचा नाद सोडला. (युबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या गटाने ते काम उचललं, ते अजून चालू आहे.)

त्याच २०१७ च्या मे महिन्यात ऑलिव्हर स्मिथ नावाच्या प्रोग्रॅमरने 'पोस्टमार्केटओएस' जाहीर केलं. नवा फोन विकायचाच नाही, बाजाराने टाकून दिलेलेच चालवायचे आणि फोनचं आयुष्य दहा वर्षांचं करायचं ही कल्पना. पाया अल्पाइन लिनक्सचा, अगदी हलका. अँड्रॉइडची थिजलेली प्रत बाजूला ठेवून मुख्य कर्नेलच फोनवर चालवायचा, हा त्यांचा खरा हट्ट. माझ्या फोनच्या स्नॅपड्रॅगन ४१० चिपसाठी हौशी लोकांनी वर्षानुवर्षं ड्रायव्हर लिहिले, तपासले आणि मुख्य कर्नेलमध्ये घालून घेतले. रेडमी २ ची कुंडली आज टोरवाल्ड्सच्या अधिकृत कर्नेलमध्ये आहे!

मग काय, शनिवार गाठला. बॅटरी फुगली होती, ती नालासोपाऱ्यातल्या एका दुकानातून नवी आणली (मागचं झाकण नखाने उघडणारा फोन, आठवतंय ना?). फास्टबूटमध्ये जाऊन आधी एक छोटा बूटलोडर आणि मग सिस्टिम टाकली. पहिल्या दोन वेळा नुसती काळी स्क्रीन. तिसऱ्यांदा लोगो आला आणि मी घरात ओरडलोच. टर्मिनल उघडून कर्नेल विचारला तर आकडा ६ ने सुरू होणारा. ३.१० वरून थेट ६ वर!

आणि मराठी? अँड्रॉइडमध्ये मराठी आली २०१४ च्या ५.० आवृत्तीत. या फोनसोबत आलेलं होतं ४.४. आता त्याच फोनवर मी 'लोहित' फॉन्ट टाकला आणि 'ज्ञानेश्वरी' मधला ज्ञ व्यवस्थित उमटला. लोहित हे रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले फॉन्ट, पुढे कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनियरांनी सांभाळलेले. तेव्हा हा फोन कोणाच्या डोक्यातही नव्हता, पण काम सगळ्यांसाठी खुलं केलं होतं म्हणून ते इथवर पोचलं.

आमच्या वसईतल्या बावखलांचं असंच आहे. वाडीतली माणसं गाळ काढत राहिली तोवर पाणी राहिलं. हात थांबले की बावखल बुजतं, आणि मग तिथे पूर्वी पाणी होतं हे सांगूनही पटत नाही.

असो. फोन घेऊन मोठ्या रुबाबात बाबांकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "यात माझी बँक चालते का?"

नाही चालत. अँड्रॉइडची अ‍ॅप्स आडवाटेने चालवता येतात, पण बँकेचं अ‍ॅप फोन 'प्रमाणित' आहे का ते तपासतं, आणि आपण स्वतः दुरुस्त केलेला फोन त्या तपासणीत नापास होतो. फक्त ४जी असलेल्या नेटवर्कचं सिम घातलं तर कॉलही लागला नाही, कारण व्होल्टी चालत नाही. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर २जीने लागला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फोन हेच आपलं पाकीट झालं. स्टेशनबाहेर भाजी घ्यायची तरी ते लागतं. म्हणजे फोनचा कर्नेल आपल्या हातात आला, पण पाकिटाची किल्ली नाही. फोन किती वर्षं जगेल हे आता हार्डवेअर ठरवत नाही, आणि कर्नेलही एकटा ठरवत नाही.

एक फट मात्र आहे. साध्या फोनवाल्यांसाठी ८ मार्च २०२२ ला 'यूपीआय १२३पे' सुरू झालं, त्यात नुसता कॉल करूनही पैसे पाठवता येतात. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे एवढं करून स्मार्टफोनचा साधा फोन केलास!" :)

केला खरा. पण तो ड्रॉवरमध्ये परत गेलेला नाही. सध्या घरातले फोटो त्याच्यावर बॅकअप होतात, आणि आमच्या इथली लाइट गेली तरी तो चालू राहतो, कारण त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच आहे. तुमच्याही ड्रॉवरमध्ये असा एखादा पडला असेल, तर भंगारात टाकण्याआधी त्याचं मॉडेल पोस्टमार्केटओएसच्या यादीत आहे का तेवढं बघा.