भावी डॉक्टर आणि खेड्यातील दवाखाना

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर कामठी मागे पडली आणि नदीवरचा पूल ओलांडला, की कन्हान लागते. अंतर सुमारे २० किलोमीटर. तालुका पारशिवनी. परिसरात वेकोलिच्या कोळसा खाणी, रामटेककडे फुटणारा रेल्वेफाटा आणि अवतीभवती शेती. कारभार नगर परिषदेचा असला, तरी गावाला शासनाचा दवाखाना म्हणून ठाऊक आहे ते प्राथमिक आरोग्य केंद्रच. आजार जरा बळावला, की रुग्णाला थेट नागपूरच्या ‘मेयो’त किंवा ‘मेडिकल’मध्ये नेले जाते. इतक्या जवळ एवढी मोठी रुग्णालये असताना वैद्यकीय विद्यार्थ्याने अशा ठिकाणच्या छोट्या दवाखान्यात शिकायला का यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल.

उत्तर साधे आहे. मोठ्या रुग्णालयात आजार पोहोचतो तो बहुधा त्याच्या शेवटच्या अंकात. विदर्भातील सिकलसेलचे उदाहरण घ्यावे. मध्य भारतातील या रक्तदोषाविषयी डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे नागपूरकर डॉक्टरांना हा आजार नवा नाही. वॉर्डातील विद्यार्थी पाहतो ते असह्य वेदनांनी तळमळणारे, सलाईन लावलेले मूल. खेड्यातील दवाखान्यात त्याच्यासमोर येते ती वरकरणी ठणठणीत असलेली तरुणी. तिची सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक निघते, पुढील तपासणीत ती केवळ वाहक असल्याचे कळते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. होणाऱ्या नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, हे तिला आणि तिच्या आईला कोणत्या शब्दांत सांगायचे, हे कोणत्याही वॉर्डात शिकता येत नाही.

कामधंद्याचेही तसेच. रुग्णाला त्याचा व्यवसाय अवश्य विचारावा, असे इटलीच्या रामाझ्झिनी यांनी १७०० सालीच लिहून ठेवले. रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘मजूर’ एवढाच शब्द पडतो. खाणपट्ट्यातील खोकल्याचा रुग्ण कोळसा फोडतो, ट्रक चालवतो की चुलीच्या धुरात स्वयंपाक करतो, यावर निदानाची दिशा ठरते. क्षयरोगाची थुंकी-तपासणी करायची की धुळीने फुप्फुसे निकामी झाल्याचा संशय घ्यायचा, हा निर्णय एक्स-रे हाताशी नसतानाही घ्यावा लागतो.

ही जाणीव धोरणकर्त्यांना फार पूर्वी झाली होती. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडतानाच डॉक्टरांना रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण देण्याची शिफारस केली. मेक्सिकोने तर त्याआधी, १९३६ मध्येच, पदवीपूर्वी ग्रामीण सेवेची प्रथा सुरू केली होती. भारतात १९७७ मध्ये ‘रोम’ योजना आली. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी, असा तिचा आशय होता आणि त्यासाठी फिरती रुग्णालयेही पुरवण्यात आली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र सावनेरला आहे.

कागदावर सारे आहे. मग अडते कुठे? महाराष्ट्रात विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण विभागाचा, तर प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यामागे बाह्यरुग्ण विभाग, लसीकरण, प्रसूती, साथरोग आणि अहवालांचा ससेमिरा. आंतरवासिता डॉक्टरच्या हजेरीवर सही करणे हे त्याचे काम; त्याला शिकवणे हे कोणाचे काम, याचे स्पष्ट उत्तर मिळत नाही. शिकवणारे प्राध्यापक शहरात राहतात. विद्यार्थ्याचे निम्मे लक्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात असते आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? त्याचे पुढचे आयुष्य त्या परीक्षेतील गुणांवर ठरते, खेड्यात पाहिलेल्या रुग्णांवर नाही.

नागपूरपासून ७५ किलोमीटरवर सेवाग्रामला मात्र वेगळी वाट चोखाळली गेली. महात्मा गांधींच्या डॉक्टर आणि माजी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. सुशीला नायर यांनी गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. नव्या विद्यार्थ्यांचा पहिला पंधरवडा गांधीजींच्या आश्रमात जातो. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, त्या गावात शिबिरासाठी मुक्काम करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात. यातील महत्त्वाची गोष्ट शिबिर नव्हे, तर पुन्हा त्याच घरी जाणे ही आहे. पहिल्या भेटीत सांगितलेली लोहाच्या गोळ्यांची गोष्ट गर्भवतीने ऐकली की नाही, हे दुसऱ्या भेटीतच कळते. सल्ला फुकट गेला, हे डोळ्यांनी पाहणे हा डॉक्टरच्या शिक्षणातील मोठा धडा होय.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये देशभरात कुटुंब दत्तक कार्यक्रम लागू केला, तो याच धर्तीचा म्हणता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याकडे सुरुवातीला पाच कुटुंबे असावीत असे ठरले. पुढे किमान तीन असा निकष आला. २०२१ च्या नियमांनी आंतरवासितेतील सामाजिक वैद्यकाचा काळही बारा आठवडे केला. १९९७ च्या नियमांत तो दोन महिने होता.

कन्हानसारख्या ठिकाणी या योजनेची खरी परीक्षा आहे. खेड्यातले कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात सापडते. खाणपट्ट्यातील कंत्राटी कामगार काम संपले की बिऱ्हाड हलवतो आणि नोंदवहीतले घर रिकामे होते. २०२१-२२ ला प्रवेश घेतलेली, या कार्यक्रमाची पहिली तुकडी २०२६ च्या सुमारास आंतरवासितेला लागते. ज्या केंद्रात तिला पाठवले जाईल, ते दत्तक कुटुंबांच्या गावचेच असावे, अशी सांगड मात्र नियमांनी घातलेली नाही.